स्वतः उभे राहून इतरांसाठी

बँकेचे खाते घरबसल्या उघडताना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सूचना येते, ‘चेहरा चौकटीत धरा, डोळ्यांची उघडझाप करा.’ डोळस माणूस ती विनासायास पाळतो. परंतु ज्याला चौकटच दिसत नाही, त्याने काय करावे? स्वकष्टाने मिळविलेला पैसा स्वतःच्या नावे ठेवण्यासाठीही त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची याचना करावी लागते.

अमर जैन या पूर्णतः अंध वकिलांनी ही याचना नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आम्लहल्ल्यात डोळ्यांना कायमची इजा झालेल्या भगिनींची याचिकाही सोबत होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, असे सांगून २० निर्देश दिले. डोळ्यांच्या उघडझापीला पर्याय देणे हा त्यांतलाच एक.

याआधीचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९९५च्या कायद्याने अपंगांसाठी ३ टक्के आरक्षण ठेवले. मात्र ‘अपंगांना योग्य’ ठरविलेल्या मोजक्या पदांवरच ते मोजण्याची शासकीय पद्धत पडली. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संस्थेची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली ती ज्येष्ठ विधिज्ञ एस. के. रुंगटा यांनी. तेही अंधच. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजले पाहिजे.

हे दोघेही आपापल्या व्यवसायात स्थिरावलेले. ‘माझे भागले’ म्हणून स्वस्थ बसण्याची मुभा त्यांना होती. तसे न करता त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी दार उघडले. स्वावलंबनाची परिणती लोकहितात व्हावी, हा आपल्या समाजाचा जुना संस्कार. तो येथे अंधांकडून डोळसांनी शिकावा, असा आहे.

मात्र न्यायालयाचा आदेश घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचत नाही. अंध मुलाला ‘पडशील, लागेल’ म्हणून एकट्याने रस्ता ओलांडू न देणारी माया आपल्याच घरांत असते. ती खरी असते, पण तीच मुलाचे पाय बांधते. पांढरी काठी हाती घेऊन तो चार वेळा अडखळेल, पाचव्यांदा चालू लागेल. त्याला अडखळू देण्याचे धैर्य आई-वडिलांना दाखवावे लागेल.

आणि आपण इतरांनी? अंध व्यक्तीला काय हवे, ते सोबत्याला न विचारता तिलाच विचारावे. न सांगता तिचा हात धरून ओढू नये. पदपथावर वाहन उभे करू नये. आपल्या संस्थेची, पतपेढीची, सोसायटीची सूचना तिला वाचता किंवा ऐकता येते काय, हे एकदा तपासून पाहावे. यासाठी निधी उभारावा लागत नाही की मेळावा भरवावा लागत नाही. दया क्षणभर टिकते. मोकळी केलेली वाट पुढच्या पिढ्यांनाही उपयोगी पडते.