गड आणि तळे

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड आहे, तसाच थेट तामिळनाडूतील जिंजीही आहे. मराठी माणसाला त्याचा आनंद व्हावा हे स्वाभाविकच होय. परंतु रायगड चढून जाणारा माणूस तेथून काय घेऊन उतरतो, हा प्रश्न त्या यादीहून महत्त्वाचा आहे.

होळीचा माळ, बाजारपेठ, सिंहासनाची जागा, जगदीश्वराचे देऊळ, समाधी, टकमक टोक : गड पाहण्याचा क्रम ठरून गेला आहे. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्या राज्याभिषेकासाठी राजाला आपले क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले, काशीहून आलेल्या गागाभट्टांचा आधार घ्यावा लागला आणि चाळिशी उलटल्यावर मुंज लावून घ्यावी लागली, हे गडावर क्वचितच सांगितले जाते. ज्याने स्वपराक्रमाने राज्य उभारले, त्यालाही वर्णव्यवस्थेच्या दारात परवाना मागावा लागला! जोतीराव फुल्यांनी १८६९ साली पोवाडा रचला तो या राजाला कुळवाड्यांचा राजा मानून. पुढे १८९५ पासून टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ केली. तेथे रोख परकीय सत्तेवर होता. एकाच गडावर दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. आज तेथे केवळ सिंहासन पाहून परतणाऱ्यांना यांपैकी काय दिसते?

गडावर जाणाऱ्यांपैकी पुष्कळांची वाट महाडवरून जाते. त्या गावात चवदार तळे आहे. मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो स्त्रीपुरुषांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याच दिवशी परिषदेस आलेल्यांना मारहाण झाली, मागाहून गोमूत्र आणि शेणाने तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला मात्र दहा वर्षे चालला. मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. जनावरांना मोकळे असलेले पाणी माणसाने पिण्यासाठी दहा वर्षे कोर्टकचेरी!

भारतीय राज्यघटनेचे पंधरावे कलम वाचावे. विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. इतक्या मोठ्या देशाच्या मूलभूत कायद्यात विहिरीतळ्यांना जागा का द्यावी लागली, हे महाडच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे कळते. स्वराज्याची खूण गडावर आहे. त्या स्वराज्यात नागरिक कोण, या प्रश्नाचे उत्तर तळ्याकाठी मागितले गेले. राष्ट्राची ओळख पहिल्यावरच थांबवली तर राजा उरतो, प्रजा हरवते.

दुःखाची गोष्ट अशी की, ६ जूनला गडावर लोटणारी गर्दी आणि २० मार्चला तळ्यावर येणारी गर्दी यांची सहसा भेट होत नाही. एकीचे स्मारक ‘सर्वांचे’ आणि दुसरीचे ‘त्यांचे’, अशी वाटणी मनात पक्की बसली आहे. ती सरकारी फतव्याने मोडणार नाही. शाळांच्या सहली रायगडाला जातात, त्यांच्या कित्येक गाड्या महाडातूनच जातात. दोन्ही ठिकाणांमधले अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. शिक्षक असलेल्या कार्यकर्त्यांनी सहलीच्या वेळापत्रकात तळ्यासाठी एक तास राखून ठेवावा, आणि मुलांना कलम पंधरा तेथेच वाचून दाखवावे.