फोटो पुरे, आता चालवू!

भारतात परतायचं नक्की झालंय, म्हणजे मियाटा विकणं आलं. १९९० ची माझदा, स्टिअरिंग डावीकडे. तिकडे नेऊ देणार नाहीत. जाहिरातीला फोटो हवेत म्हणून शनिवारी पहाटे मित्राला उठवलं आणि कॅलिफोर्नियातला आपला लाडका स्कायलाइन बुलेव्हार्ड गाठला.

पहिले दोन तास नुसती पुसापुशी. बॉनेटमधून टुणकन वर येणारे हेडलाइट साहेबांनी वीसेक वेळा उघडायला लावले. फोटो झकास आलेत, मान्य. पण त्यात गाडी कुठाय? छप्पर हाताने मागे टाकलं, रेडवुडच्या सावलीतल्या वळणाआधी तिसऱ्यावरून दुसरा टाकला, तेव्हा कुठे ती भेटली! इंजिन जेमतेम १.६ लिटरचं, पण वजन टनाच्या आत. वळण थेट कमरेला कळतं. आठवडाभर कोड बघून मेलेला माणूस जागा होतो राव.

आता खरी गोची. गिऱ्हाइकं दोन. एकाला ती गॅरेजमध्ये झाकून ठेवायचीय, तो २००० डॉलर जास्त देतोय. दुसरा कॉलेजचा पोरगा, म्हणतो रोज चालवीन. मला विचाराल तर झाकलेली गाडी म्हणजे महागडं फर्निचर. वर पेट्रोल शिळं होतं, ब्रेक गंजतात, ते वेगळंच.

बायको म्हणाली, "२००० डॉलरमध्ये पुण्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही येतील." बरोबर आहे तिचं.

पोरगा उद्या दहाला येतोय. त्याला अजून क्लच नीट जमत नाही, शिकवावा लागेल.