जुनी नाणी आणि नवे ठक

धंतोली हा नागपुरातील दवाखान्यांचा भाग. बाहेरगावचा माणूस इथे येतो तो बहुधा अडचण घेऊनच, आणि अडचणीत घरातील जुनी चांदी बाहेर निघते. पूर्वी ती इतवारीच्या सराफ्यात जाई. आता मोबाइलवर जाहिरात दिसते की आजीच्या गाठोड्यातील एका रुपयाला लाखो मिळतात. आणि तसाच एखादा रुपया 'दुर्मीळ' म्हणून ऑनलाइन लिलावात बोलीला लावलेला असतो. विकणारा एका टोकाला फसतो, घेणारा दुसऱ्या टोकाला. यात आपले व्यापारी आहेत आणि आपले कारागीरही आहेत. म्हणून या विषयावर उघड बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

सर्वांत सोपी फसवणूक प्रथम पाहू. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल, एका बाजूला 'हाफ आना' आणि दुसरीकडे रामदरबार, हनुमान, नाही तर मक्का-मदिना व ७८६. गिऱ्हाईक ज्या धर्माचे, तसा ठसा. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. १६१६ मध्ये तर कंपनी सुरतेच्या वखारीत जहांगीर बादशहाच्या मर्जीने व्यापार करीत होती. साऱ्या मुलुखासाठी एकाच इंग्रजी छापाचे नाणे तिने काढले ते १८३५ मध्ये, चौथ्या विल्यम राजाच्या मुद्रेचे. श्रद्धेच्या नावावर पितळेचा तुकडा हजारोंना विकला जातो, ही आपल्या दृष्टीने दुहेरी शरमेची गोष्ट आहे.

चांदीच्या रुपयाचे खोटे ओळखणे याहून अवघड, पण काटा जवळ असलेल्या माणसाला अशक्य नाही. १८३५ पासून रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच जुना तोळा. आज बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हिशेब इथे लावू नये. या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. म्हणून १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला तर तो खोटा ठरत नाही. राणी व्हिक्टोरियाचा चिकटला तर खोटाच.

वजन जुळले तरी थांबू नये. नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून पुन्हा तोलावे. चांदीच्या जुन्या रुपयाचे वजन पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने घटते. जर्मन सिल्व्हरचा तुकडा त्याच वजनाचा केला तर आकाराने मोठा होतो, म्हणून घट १.३ ग्रॅमच्या पुढे जाते. मग भिंगाखाली कड पाहावी. ठशाने पाडलेल्या नाण्याचे दाते सरळ व एकसारखे असतात. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे आणि कडेला सांध्याची रेघ दिसते. १९३९ चा रुपया अतिशय दुर्मीळ आहे, त्यामुळे त्या सालाच्या आकड्याभोवती खरडल्याची खूण आधी शोधावी. आणि एकाच विक्रेत्याच्या दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून आली हे उघड आहे.

मोगली नाण्यांच्या बाबतीत आपल्यातील अनेकांजवळ एक जादा हत्यार आहे. ते म्हणजे लिपीची ओळख. ज्याला उर्दू वाचता येते त्याला नाण्यावरील बादशहाचे नाव, हिजरी साल आणि जुलूस, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचे वर्ष, थोड्या सरावाने लागते. छायाचित्रावरून नक्कल करणाऱ्याच्या हातून नुक्ते व अक्षरे तुटतात. अकबराच्या रुपयांवर कलिमा आढळतो. औरंगजेबाने तो नाण्यांवरून काढून टाकला. तेव्हा औरंगजेबाचे नाव आणि कलिमा एकत्र दिसले तर खिशात हात घालू नये. मात्र घाईने निकालही देऊ नये. नागपूरकर भोसल्यांच्या कटक टांकसाळीतील रुपयांवर अहमदशहा बादशहाचेच नाव चालत राहिले, आणि कंपनीने मुर्शिदाबादच्या रुपयावर १९ हे जुलूस साल वर्षानुवर्षे तसेच ठेवले.

विकणाऱ्याची फसवणूक निराळी. "तुमच्या नाण्याला पाच लाख देतो, आधी नोंदणी फी भरा," असे सांगून पैसे उकळतात आणि रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करतात. आपण अशा व्यवहारात नाही व कोणतीही फी घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आहे. वैष्णोदेवीच्या छापाची २०१२ ची नाणी किंवा ७८६ आकड्याची नोट यांना लाखो मिळतात, हेही याच जाळ्यातील आमिष.

आता आपला मुख्य मुद्दा. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क हनफी फिकहने ग्राहकाला फार पूर्वी दिला आहे; त्याला खियार-ए-रूयत म्हणतात. घ्यायचे नसताना बोली चढवणे हे नजश आहे आणि ते मना आहे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या आणि भिजलेला माल वर ठेवायला सांगणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी. ऑनलाइन लिलावात फक्त चित्र दिसते, रास दिसत नाही. म्हणून तिथे विक्रेत्याची जबाबदारी वाढते.

काही कारागीर म्हणतात, "आम्ही शोभेची वस्तू बनवतो, पुढे कोणी काय सांगून विकले त्याला आम्ही काय करणार?" हे उत्तर आम्हाला पटत नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर तसा शिक्का मारणे सक्तीचे आहे. आपल्याकडे सक्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. ठशातच 'प्रतिकृती' हा शब्द कोरावा. शोभेच्या नाण्याचा धंदा त्याने बुडणार नाही. बुडेल तो फसवणुकीचा.

व्यापाऱ्यांनी वजन, धातू आणि परतीची मुदत पावतीवर लिहून द्यावी. शंभर वर्षांवरील नाणे परदेशी गिऱ्हाईकाला पाठवू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने त्यास बंदी आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आणि अडलेला माणूस रुपया घेऊन दुकानात आला, तर चांदीचा खरा भाव सांगून त्याला वाटेला लावावे. त्या भावात नफा थोडा असतो, पण तो हलाल असतो.