आवाज मोठा की आवाज चांगला?

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा आला तो हॉर्न वाजवतच. सात वर्षं जुनी स्विफ्ट घेतल्याचं फोनवर कळलं होतं, आता ती डोळ्यांनी बघायची होती. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन लगेच म्हणाला, "खाला, आधी गाडीत बसा. चहा नंतर." त्याने डिकी उघडली. आत एक भलीमोठी काळी पेटी, तिच्यात १२ इंची सबवूफर, शेजारी अ‍ॅम्प्लिफायर आणि लाल-निळ्या वायरींचं जंजाळ. सगळं मिळून ४२ हजार रुपये. गाडीच्या कर्जाचा पहिला हप्तासुद्धा अजून गेलेला नव्हता.

मागच्या सीटवर मी आणि माझे अब्बा बसलो. भाच्याने गाणं लावलं. पहिल्याच ठोक्याला आतला आरसा थरथरला आणि छातीत धडधडायला लागलं. शब्द एकही कळत नव्हता. अब्बांनी पुढे वाकून नातवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, कारखाना क्यूं साथ लेके फिरता है?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. अब्बांनी इचलकरंजीत ३१ वर्षं यंत्रमागावर काम केलं. ज्यांनी मागाच्या कारखान्यात पाऊल ठेवलंय त्यांना माहीत आहे, तिथे धोट्याच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागतं. तो आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. चाळिशीतच अब्बांना कमी ऐकू यायला लागलं, आणि आता यंत्र लावूनही निम्मं बोलणं आमच्या तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागतं. त्यांनी कान गमावले ते आमच्या शाळेच्या फीसाठी. हा पोरगा मात्र त्याच नुकसानीसाठी स्वतःच्या खिशातून ४२ हजार मोजून आला होता.

आमच्या घरात गाडीचा शौक नवा नाही. माझे चाचा मिरज स्टेशनवर भाड्याची फियाट चालवत. कागदावर नाव प्रीमियर पद्मिनी, पण तिला सगळे फियाटच म्हणत. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. गाडीत कंपनीकडून टेप येत नसे. चाचांनी बाजारातून कॅसेट प्लेअर बसवून घेतला आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर लावले. गझलांच्या कॅसेटी सीटखाली रुमालात बांधलेल्या असत. एखाद्या जुम्म्याला ते आम्हाला नरसोबाच्या वाडीकडच्या रस्त्याने फिरायला नेत. अब्बा मागे बसत आणि एक हात फळीवर स्पीकरजवळ टेकवून ठेवत. लहानपणी मला वाटायचं, ते आरामात बसलेत. खूप नंतर कळलं की कानाला जे पोचत नव्हतं ते ते पंजाने ऐकत होते. खालचे सूर, म्हणजे तबल्याचा डग्गा, कानाइतकेच अंगालाही कळतात.

त्या गाडीत आणखी एक गोष्ट होती. चाचांच्या टेपवर आम्ही सगळे बोलू शकत होतो. अम्मीने मागून "जरा थांबा, पोरीला मळमळतंय" म्हटलं, तर गाडी लगेच बाजूला लागायची.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वॅट आणि अँपिअर हा माझा प्रांत नव्हे. पण भाच्याशी बोलायचं तर नुसतं "आवाज कमी कर" म्हणून भागणार नव्हतं. ते तर त्याची आईही रोज म्हणते. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं, थोडं वाचलं, आणि मलाच त्यात गोडी वाटायला लागली.

गाडीत रेडिओ ही कल्पना सुमारे शंभर वर्षांची आहे. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या मोटारीत रेडिओ बसवला आणि ती गाडी घेऊन ते अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या संमेलनाला गेले. त्या रेडिओला त्यांनी नाव दिलं मोटोरोला. पुढे कंपनीचंच ते नाव झालं. तेव्हाचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हचे, जागा खाणारे आणि बॅटरी पिणारे. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ लहान झाला. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि काही वर्षांत ती गाडीत शिरली. तेव्हापासून आपल्या आवडीचं गाणं आपल्या वेळी ऐकायची सोय झाली.

पण मला सगळ्यात भावली ती अमर बोस यांची गोष्ट. त्यांचे वडील बंगालचे. इंग्रजांविरुद्धच्या चळवळीमुळे त्यांना देश सोडून अमेरिकेला जावं लागलं. मुलगा एमआयटीत शिकला आणि तिथेच ४० हून अधिक वर्षं प्राध्यापक राहिला. विद्यार्थी असताना त्यांनी चांगले आकडे बघून एक महागडा संगीतसंच विकत घेतला. घरी लावला तर आवाज खऱ्या मैफिलीच्या जवळपासही जाईना. कागदावर सगळं उत्तम असताना कानाला ते उत्तम का लागत नाही, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यातून १९६४ मध्ये बोस कंपनी उभी राहिली. १९८३ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत त्यांची यंत्रणा आली. तिचं वैशिष्ट्य हे की ती त्या त्या गाडीसाठी जुळवलेली होती. काच आवाज परतवते, सीटचं कापड तो शोषून घेतं आणि चालक मधोमध बसत नाही. हे सगळं धरून त्यांनी स्पीकरची जागा आणि आवाजाचा तोल ठरवला. एका शिक्षकाला पडलेला तो प्रश्न आजही दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असा आहे.

कारण दुकानात पहिली गाठ आकड्यांशीच पडते. भाच्याच्या टेपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ५० वॅट गुणिले ४, म्हणजे २०० वॅट. आमच्या सरांनी टेपच्या मागचा फ्यूज बघायला सांगितला. तो १० अँपिअरचा निघाला. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. १४ गुणिले १० म्हणजे १४०. जो टेप आत १४० वॅटच घेऊ शकतो, तो गाणं चालू असताना सतत २०० वॅट बाहेर देणार कुठून? शिवाय आत गेलेल्या विजेतली बरीचशी उष्णतेत जाते. एका स्पीकरला खरे पंधरा-वीस वॅट मिळाले तरी पुष्कळ. म्हणून खोक्यावर 'पीएमपीओ' किंवा 'मॅक्स' लिहिलेला आकडा सोडून द्यावा आणि 'आरएमएस' लिहिलेला आकडा विचारावा. यंत्र सतत किती ताकद देऊ शकतं, ते आरएमएस सांगतो.

आणि वॅट वाढले म्हणजे आवाज त्या पटीत वाढतो असंही नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा असेल तर ताकद सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे पैसे दहापट गेले तरी ऐकण्यात तेवढा फरक पडेलच असं नाही.

मग चांगला आवाज येतो कशाने? पहिली गोष्ट गाडीचा दरवाजा. स्पीकरचा पडदा पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा ढकलतो. मागची हवा भोकांतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात आणि खालचे सूर नाहीसे होतात. आमच्या मिरजेच्या भाषेत सांगायचं तर तंबोऱ्याचा भोपळा फुटका असेल तर तारा कितीही छेडल्या तरी आस येणार नाही. गाडीच्या दरवाजाचा पत्रा पातळ आणि आत भोकंच भोकं. ती भोकं बंद करून पत्र्याला आतून डॅम्पिंगची शीट चिकटवली की तोच जुना स्पीकर वेगळा वाजायला लागतो. शिवाय रस्त्याची घरघर कमी आत येते, त्यामुळे मुळात आवाज वाढवावाच लागत नाही.

दुसरी गोष्ट बसण्याची जागा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याला जवळ, डावा लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक मिलिसेकंद. एवढ्याशा फरकानेही सगळं गाणं उजव्या दरवाजातूनच येतंय असं कानाला वाटतं. आजकालच्या बऱ्याच टेपमध्ये जवळचा स्पीकर किंचित उशिरा वाजवण्याची सोय असते. ती नीट लावली की गाणारा समोर काचेपाशी बसल्यासारखा वाटतो. यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त टेपला ती सोय असावी लागते आणि अर्धा तास धीर लागतो.

तिसरी गोष्ट, गाडी ही छोटी बंद खोली आहे. बंद छोट्या जागेत खालचे सूर आपोआप चढतात. त्यामुळे लहान गाडीला भलामोठा सबवूफर म्हणजे चार माणसांच्या घरात वलीम्याची देग.

गाड्यांचे खरे शौकीन हे सगळं जाणून असतात. कोणी जुनी पद्मिनी सांभाळतो, कोणी काँटेसा, कोणी मारुती ८००, कोणी १९९१ ची टाटा सिएरा. त्यांच्यातले दर्दी लोक डॅशबोर्डवरचा जुना टेप तसाच ठेवतात आणि दरवाजाच्या आत नवे, पण बेताचे स्पीकर बसवतात. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, आत बसणाऱ्याला कळतं. नव्या गाड्यांत तर कंपन्याच हे काम करून देतात. ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेलात बोसचे ८ स्पीकर आले, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे १२. एवढे स्पीकर असतात ते काचा हलवण्यासाठी नव्हे. सूर चहूबाजूंनी सारखे पोचावेत आणि हळू आवाजातही शब्द स्पष्ट राहावेत, म्हणून ते असतात.

आता कानांचं. आतल्या कानात जन्मतः साधारण १५ हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत त्याच पोचवतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकलेला चालतो. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. १०० डेसिबलला सगळ्या आठवड्यात मिळून वीस-पंचवीस मिनिटं. भाच्याच्या गाडीत मी मोबाइलवरचं मोजणीचं अ‍ॅप लावलं. ते काही पक्कं यंत्र नव्हे, पण काटा शंभराच्या पुढे होता. म्हणजे कामावर जाता-येताच त्याचा आठवड्याचा वाटा सोमवारी संपत होता.

हे सगळं मी त्याला वहीत लिहून दाखवलं. तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "खाला, रात्री उशीवर डोकं ठेवलं की कानात शिट्टी वाजते. सकाळी जाते. अम्मीला सांगू नका." ही शिट्टी म्हणजे कानाने दिलेली ताकीद. सकाळी ती जाते म्हणून आपण निर्धास्त होतो. एक दिवस ती जायची थांबते. मी त्याच आठवड्यात त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत वरच्या पट्टीच्या सुरांत थोडी घट दिसली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण इथेच थांबवता येईल. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून त्याने स्वतःच आईला फोन केला.

सबवूफर त्याने फेकून दिला नाही, आणि मीही तसं सांगितलं नाही. शौक कोणाचा तोडू नये, त्याला रीत लावावी. मोठी पेटी विकून त्याने सीटखाली मावेल असा लहान घेतला. चारही दरवाजांना शीट लावून घेतल्या. डिकीत आता अब्बांची घडीची खुर्ची मावते. घरांजवळून जाताना आवाज खाली येतो, कारण बंद काचांतूनही ठोका भिंती पार करून जातो आणि तिथे कोणी आजारी असतं, कोणी परीक्षेच्या अभ्यासाला बसलेलं असतं. मागून अँब्युलन्स आली तर आता त्याला ऐकू येते.

तुमच्या घरातही असा एखादा शौकीन असेल तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या गाडीत मागे बसा, त्याचं आवडीचं गाणं लावू द्या आणि नेहमीच्या आवाजात त्याला काहीतरी विचारा. त्याने वळून उत्तर दिलं तर यंत्रणा चांगली आहे. नाही दिलं तर वही घेऊन बसा, आणि रात्री कानात शिट्टी वाजते का, तेवढं नक्की विचारा.

परवा आम्ही पुन्हा नरसोबाच्या वाडीकडच्या रस्त्याला गेलो. अब्बा पुढे बसले होते. गझल लागली तसा त्यांनी पंजा दरवाजावर, स्पीकरच्या जाळीशी टेकवला. थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "बेटा, पानी है क्या?" भाच्याने गाडी बाजूला घेतली आणि बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.