तीन विषय आणि खडी फोडणारी माणसं

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच चर्चा. भाचीच्या मुलीला बारावीनंतर 'पीपीई' करायचंय! त्यावर आमच्या वन्संनी विचारलं, "म्हणजे ते कोरोनातलं किट?" मग भाऊजींचा ठरलेला प्रश्न, "त्याला नोकरी कुठे लागते?" ग्रुपवर लांबलचक लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून माझं मत इथे मांडते.

पीपीई म्हणजे फिलॉसॉफी, पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. हा जोडअभ्यासक्रम ऑक्सफर्डचा, १९२० च्या सुमाराचा. तोवर तिथे ग्रीक-लॅटिन आणि प्राचीन इतिहास शिकलेली मुलं राज्यकारभाराला लायक समजली जात. त्या अभ्यासाला 'ग्रेट्स' म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर लक्षात आलं, की बेकारी, कर, मजूर संघटना यांची उत्तरं प्लेटोच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता येणार नाहीत. म्हणून हा नवा अभ्यास, 'मॉडर्न ग्रेट्स'. पहिल्या वर्षी तिन्ही विषय सक्तीचे, पुढे हवा तर एक सोडता येतो. हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, बेनझीर भुट्टो, आंग सान स्यू ची, आपले माँटेकसिंग अहलुवालिया, सगळे याच वाटेने गेलेले.

आता टीकाकार म्हणतात, तिन्ही विषय थोडे थोडे चाटायचे आणि जन्मभर आत्मविश्वासाने बोलायचं, एवढंच यातून साधतं. टीका अगदीच खोटी नाही. लिझ ट्रस बाईंनी हाच अभ्यास केला होता. त्यांच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पैसा कुठून येणार हे न सांगता करकपात जाहीर केली. पौंड डॉलरच्या तुलनेत तोवरच्या नीचांकाला गेला आणि बाईंचं पंतप्रधानपद दोन महिनेही टिकलं नाही. पण गंमत बघा, अशा करकपातीचा धोका आधीपासून सांगणारे आणि त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेले ऋषी सुनकही पीपीईवालेच! तेव्हा अभ्यासक्रमाच्या नावावरून काही ठरत नाही. शिकवतात कसं, त्यावर ठरतं.

तिथे म्हणे विद्यार्थ्याने दर आठवड्याला निबंध लिहायचा आणि एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून शिक्षकासमोर बसायचं. ते एकेक वाक्य उलटसुलट तपासणार, 'हे कशावरून?' म्हणून विचारणार. पीपीईचा खरा गाभा मला हा वाटतो. तीन विषयांची बेरीज त्याच्यानंतर.

हे मी अनुभवावरून म्हणते आहे, कारण हे तिन्ही विषय मीही शिकले! मराठी माध्यमातून बी.ए. केलं, त्या वेळच्या नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र. साल १९७२. मंडळी, ते साल आठवतंय ना? कॉलेजच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. शेतं असलेली माणसं डोक्याला फडकं गुंडाळून खडी फोडत होती. बायका पोरांसाठी सुकडी पदरात बांधून नेत. आणि आत वर्गात? एक सर मागणी-पुरवठ्याचा नियम सांगायचे, दुसरे हक्कांचे प्रकार उतरवून द्यायचे, तिसऱ्यांचा सॉक्रेटिस दरवर्षीप्रमाणे मर्त्य ठरायचा. खिडकीतून हातोड्यांचा आवाज यायचा, पण तीन वर्षांत एकाही सरांनी खिडकीकडे बोट दाखवलं नाही. गाइडमधले अपेक्षित प्रश्न पाठ केले की सेकंड क्लास नक्की.

खरं तर त्या रस्त्यावर तिन्ही विषय एकत्र बसले होते. पुढे त्यातूनच रोजगार हमी योजना वाढली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता. आता विचारा प्रश्न. काम मिळणं हा माणसाचा हक्क, की सरकारची दया? हे तत्त्वज्ञान. मजुरी किती ठेवायची? कमी ठेवली तर गरजूच येतील, पण पोट भरणार नाही. वाढवली तर शेतावरचे मजूर इकडे वळणार. हे अर्थशास्त्र. मग मजूर मिळेनात म्हणून ओरडणारे बागायतदार आणि त्यांच्या मतांवर निवडून येणारे आमदार, हे राज्यशास्त्र. एक प्रश्न उचलला की दुसरे दोन मागून येतातच. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. आमच्या पगारातूनही कापला जाई. स्टाफरूममध्ये काय कुरकुर चालायची त्यावर! 'आम्ही शिकवायचं आणि खडी त्यांनी फोडायची, मग आमचे पैसे का?' हा प्रश्न खरं तर फार मोठा आहे, पण तो चहाबरोबरच संपायचा.

आपल्या राज्यघटनेचं ४१ वं कलम बघा. शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाच्या हक्काची तरतूद करावी, असा त्याचा आशय. 'हक्क' म्हणायचं, वर 'क्षमतेच्या मर्यादेत' म्हणायचं, आणि तो कोर्टात मागता येणार नाही अशा भागात ठेवायचा. या एका कलमावर तीन तास शिकवता येईल. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोलंबियात काय शिकले होते? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, शिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, राज्यशास्त्राचे ३. बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावरही लिहू शकले आणि जातीच्या प्रश्नावरही, याचं मला त्यामुळे नवल वाटत नाही. एका विषयाचा पाया मात्र खोल होता, हे पीपीई करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

तेव्हा भाचीच्या मुलीने हे जरूर शिकावं असं माझं मत. भाऊजी, नोकरीचं म्हणाल तर नुसत्या कॉमर्सलाही आज कोण हमी देतं?

मला सलतं ते वेगळंच. आपल्याकडे हे शिकवणारी विद्यापीठं बहुतेक खासगी, फी लाखांत आणि सगळं इंग्रजीत. ज्यांच्या आज्यांनी खडी फोडली, त्यांच्या नातवंडांना तिथे दार नाही. ती तालुक्याच्या कॉलेजात तेच तीन विषय घेतात, कारण बी.ए.ला सहज प्रवेश मिळतो. म्हणजे मुलंही आहेत, विषयही आहेत. दर आठवड्याला मराठीत दोन पानं लिहून घेणारा आणि 'हे कशावरून?' विचारणारा शिक्षक तेवढा हवा. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं असताना आणि निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबत असताना तो कुठून आणायचा, हे मात्र कुलगुरूंनी सांगावं. तुमच्यापैकी कोणी कॉलेजात शिकवत असाल तर येत्या सत्रात एवढं करून बघा. व्यवसाय कराचा तो स्टाफरूममधला प्रश्न मुलांना घालून द्या आणि कोण काय लिहितं ते मला कळवा.