राणीच्या बागेला जाताना

मैत्रिणींनो, शाळांना सुट्टी लागली की भायखळ्याच्या राणीच्या बागेचा बेत ठरतोच. पण बुधवारी निघू नका हं! बाग बंद असते, आणि फाटकावरून रडवेली पोरं परत आणणं काय असतं, ते मी एकदा भोगलंय.

सकाळीच पोहोचावं. उन्हं चढली की जनावरं सावलीला दडतात. २०१७ पासून सुरू झालेलं पेंग्विनांचं दालन गर्दीआधी उरकावं. डब्यात रस्साभाजी नको. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची कोरडी चटणी पुरे. पाण्याची बाटली ज्याची त्याने सांभाळावी. नाहीतर सगळे हत्ती पाहतात आणि आपण नुसते डबे!

खाणं झालं की मुलं त्यांच्या बाबांच्या हवाली करून घटकाभर झाडांखाली हिंडा. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत गोरखचिंचेचा अगडबंब बुंधा आहे. नशीब असेल तर उर्वशीचे लालचुटूक झुबकेही दिसतील.

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मुलांना जरूर दाखवा. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं.