गोधडी शिकवली तर गिऱ्हाईक जाईल?

क्लासमध्ये हमखास येणारा प्रश्न: "ताई, आपली कला सगळ्यांना शिकवली तर विकत कोण घेणार?"

माझं मत सांगते. बिनधास्त शिकवा.

गोधडी मी आजीकडून शिकले. जुन्या सुती साड्यांचे थर, कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. बीबीए झाल्यावर पहिल्यांदा हिशोब मांडला. मोठ्या गोधडीला माझे 50 तास जायचे. तासाला 60 रुपये धरले तरी नुसती मजुरीच 3000. आणि मी विकत होते 1500 ला! वर गिऱ्हाईक म्हणायचं, "जुन्या साड्यांचे एवढे?"

मग दुकानात एक अर्धवट गोधडी आणि सुईदोरा ठेवला. घासाघीस सुरू झाली की म्हणायचं, "बसा, दहा टाके घाला." सारख्या अंतराचे दहा टाके! सुई बोटात जाते, दोरा गुंततो. बहुतेक जण मग भाव करत नाहीत. (काही तरीही करतात. त्यांना चहा पाजून पाठवते.)

शिकून गेलेल्या काही जणी आता स्वतः विकतात, हो. माझ्या दोन ऑर्डरी गेल्यासुद्धा. पण लग्नसराईत एकदम चार-पाच गोधड्या मागितल्या की माझे हात कमी पडतात. तेव्हा मी त्यांनाच फोन लावते, तासाला तेच 60 रुपये देऊन.